सरांचा हेल

टीव्हीवर स्वतःचा सिनेमा लागला की आमचे सर पहिलं काम करायचे ते आवाज बंद करण्याचं. रिमोट घ्यायचे, आवाज शून्यावर आणायचे, खुर्ची टीव्हीच्या शेजारी तिरकी ओढायचे आणि घसा खाकरायचे. पडद्यावर त्यांचं तोंड हललं रे हललं की इकडे हे बोलायला लागायचे. सगळं पाठ. प्रेक्षक म्हणजे सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, शेजारच्या दोन म्हाताऱ्या आणि मी. हिरो काय बोलतोय, हिरॉइन कशापायी रडतेय, ते आम्हाला शेवटपर्यंत कळायचं नाही, कारण बाकीच्यांचे आवाज काढायला सर साफ नकार द्यायचे. म्हणायचे, “त्यांचे आवाज त्यांच्यापाशी आहेत. चोरीला गेलाय तो माझा.”

खोटं नव्हतं ते. सर रत्नागिरीत आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि हौशी नाटकांत कामं करायचे. उंच, लालसर गोरे, डोळे घारे, केस भुरे. मुंबईच्या एका सिनेमावाल्यानं त्यांना आमच्याकडच्या नाटकात पाहिलं आणि म्हणाला, अरे, हा तर आयता इंग्रज! तेव्हापासून वीस-बावीस वर्षं, जिथे गोरा साहेब लागेल तिथून सरांना बोलावणं यायचं. परदेशी पर्यटक पकडून आणायचा, त्याला उभं कसं राहायचं ते शिकवायचं, त्यापेक्षा हा घारा मास्तर बरा. सर रजा टाकायचे, एसटीत बसायचे, चार दिवस साहेब होऊन परत यायचे. कधी कलेक्टर, कधी जेलर, कधी पलटणीतला कॅप्टन. प्रत्येक सिनेमात मरायचे. गोळी खाऊन, फास लागून, एकदा तर हत्तीच्या पायाखाली. म्हणायचे, “स्वातंत्र्यासाठी माझ्याएवढा कोणी मेला नसेल. फक्त बाजू चुकली.”

आणि सिनेमा लागला की त्यांच्या तोंडातून भलत्याच माणसाचा आवाज यायचा. डबिंगला, म्हणजे पडद्यावरच्या तोंडाला आवाज भरायला, त्यांना कधी कोणी बोलावलं नाही. एकदाही नाही.

कारण सरांचा हेल. आमच्याकडे वाक्य संपताना आवाज जरा वर उचलतात आणि मग हळूच खाली ठेवतात. पुण्याकडच्या माणसाला वाटतं, हे लोक एकतर प्रश्न विचारतायत नाहीतर भांडतायत. सरांचा हेल तर असा की त्यांनी नुसतं ‘बरं’ म्हटलं तरी रत्नागिरी स्टँडवर उतरल्यासारखं वाटावं. आणि तो त्यांनी साहेबाच्या कामातही सोडला नाही. सेटवर कोणी म्हणालं, “सर, जरा इंग्रजासारखं मराठी बोला ना,” की ह्यांचं सुरू. “अहो, हा तुमचा जेलर दहा वर्षं रत्नागिरीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. ह्याला मराठी शिकवलं कोणी? इथल्या शिपायानं, नाहीतर दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईनं. मग तो रत्नागिरीचंच बोलणार! का पुण्याला शिकवणी लावली होती त्यानं?”

सेटवर लोक हसायचे. मास्तर वल्ली आहे म्हणायचे. शॉट तसाच घ्यायचे आणि मागाहून ‘टुम हमको’ छापाचा आवाज काढणारा कोणीतरी आणून चिकटवायचे. आमच्या रंगमंचावर मात्र सरांचा कलेक्टर “अरे शिंच्या, सारा भरलास काय?” असं खास आमच्या हेलात विचारायचा आणि लोक टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घ्यायचे. मला आजही वाटतं, शंभर टक्के खरं होतं त्यांचं म्हणणं. पण खरं असून करता काय? मुंबईत खऱ्याला कोण विचारतो!

रविवारी सकाळी ते मिरकरवाड्याला मासळी आणायला जायचे ते साहेबाचे बूट घालून. तपकिरी, घोट्याच्या वरपर्यंतचे. पहिल्या सिनेमाच्या वेळी घेतलेले, नंतर प्रत्येक साहेबाच्या पायात तेच. कोकणातल्या हवेत चामड्याला बुरशी यायला आठ दिवस पुरतात, म्हणून सर ते बूट वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर ठेवायचे आणि काकू रोज करवादायच्या. बंदरावर बर्फाच्या पाण्यातून, खवल्यांतून ते बूट फाडफाड चालले की बायका हाका मारायच्या, “काय वो सायब, आज कोणाला फाशी?” सर बांगडा उचलून त्याच्या डोळ्यात बघत म्हणायचे, “ह्यालाच. पण शिळा दिसतोय, आधीच मेलाय.” घासाघीस अशी कधी करायचे नाहीत. संवाद म्हणायला जायचे ते.

आता माझं सांगतो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू! मी त्याच शाळेत क्लार्क होतो. सरांचा प्रॉम्प्टर. पंधरा वर्षं विंगेत उभं राहून, हातात वही घेऊन, त्यांच्या कानापर्यंत पोचेल आणि पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी त्यांची वाक्यं त्यांना पुरवली.

सर कागदावरून पाठ करत नसत. “वाचलेला शब्द डोळ्यात अडकतो,” म्हणायचे, “तोंडात यायचा तर तो कानातनं यायला हवा.” म्हणून संध्याकाळी त्यांच्या मागच्या पडवीत मी वाचायचं, आणि त्यांनी विळीवर नारळ खवता खवता ऐकायचं. एक नारळ खवून होईस्तोवर एक प्रवेश पाठ. असा कान मी दुसरा पाहिला नाही.

पण अट होती. वाचणाऱ्याला हेल चालणार नाही. आणि माझा हेल तर सरांपेक्षा जाड. मी मिरकरवाड्यातला, बाप बर्फाच्या कारखान्यात, घरात कोणी सरळ बोललं तर आजारी आहे काय विचारणार. सर म्हणाले, “तुझा हेल माझ्या कानात शिरला तर माझा साहेब दोन गावचा होईल. प्रॉम्प्टरला स्वतःचा आवाज नसावा.” आणि दिली पेन्सिल. दातांत आडवी धरायची आणि वाचायचं. शेवट वर गेला की त्यांच्या हातातली करवंटी माझ्या अंगावर. “मेल्या, सरळ! इस्त्री केल्यासारखं बोल!” सात-आठ महिने हे चाललं. एक दिवस आईनं जेवायला वाढताना माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, “असा काय बोलतोस रे रेडिओसारखा? तुला वाढू की तुझ्या बातम्या ऐकू?” तेव्हा मला कळलं की हेल गेला. मला आनंद झाला होता त्या दिवशी. गाढव कुठला!

ह्या पंधरा वर्षांत त्यांनी मला कधी बरं म्हटलं नाही. उलट प्रयोगात स्वतः विसरले तर त्याच कलेक्टरच्या ऐटीत विंगेकडे बोट करून म्हणायचे, “ह्या मागच्या शिपायाला बडतर्फ करा, फार पुटपुटतो!” लोक हसून लोटपोट. आत मी वही धरून उभा. नाटक संपल्यावर हार त्यांच्या गळ्यात, आणि ‘छान झालं हो’ म्हणायला आलेले लोक मला खुर्च्या कुठे ठेवायच्या ते विचारायचे. मला राग यायचा. तेव्हाही यायचा आणि सांगायला लाज कसली, आजही येतो.

नकला मात्र काय करायचे! मुख्याध्यापक, शिपाई, ऑफिसातला मी, सगळे त्यांच्या घशात राहायला होते. स्टाफरूममध्ये मागून हेडमास्तरांच्या आवाजात “घंटा का नाही दिली?” म्हटलं की शिपाई पळत सुटायचा. मी एकदा विचारलं, “सर, तुम्हाला कोणाचाही आवाज जमतो. मग सिनेमावाल्यांना हवाय तसा एकदा काढून द्या ना! निदान आवाज तरी तुमचा राहील.”

ते खवळले. “तो माझा कसा? नकल्याला दुसऱ्याचा आवाज लागतो, नटाला स्वतःचा. ज्या दिवशी मी पोटासाठी नाहीतर टाळीसाठी नक्कल करीन त्या दिवशी समज, नट मेला.” आवाज मोबाइलवर धरून ठेवू म्हटलं तर तेही नको. “डबीत भरून ठेवायला मी काय लोणचं आहे? यायचा तर माझ्या तोंडासकट पडद्यावर येईल.”

हीच एक इच्छा होती त्यांची, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. शिमग्यात पालखी दारात आली की गाऱ्हाणं घालणाऱ्याला सर स्वतः सांगायचे काय मागायचं ते. आणि तो खणखणीत आवाजात मागायचा, “बा देवा म्हाराजा! ह्या मास्तराचं तोंड नि आवाज एक डाव सिनेमात एका जागी येऊ दे रे म्हाराजा!” आणि जमलेली सगळी आळी एका सुरात, “व्हय म्हाराजा!” पोरं हसायची. सर डोळे मिटून, हात जोडून उभे. मीही त्या घोळक्यात म्हटलंय “व्हय म्हाराजा”, दर वर्षी, अगदी मनापासून.

पुढे शाळेतली नोकरी सोडून मी मुंबईला गेलो. मला काय येत होतं? सरळ बोलता येत होतं. मुंबईत त्याला भाव आहे हे मला तिथे गेल्यावर कळलं. जाहिराती, मालिका, परभाषेतले सिनेमे. कोणाच्याही तोंडात बसेल असा आवाज, ना गावाचा ना जातीचा. डबिंगवाले खूश. सरांना सांगितलं तर म्हणाले, “माझ्या पेन्सिलीचं काम ते.” बरं म्हटलं असेल तर एवढंच.

मी गावी यायचो, त्यांच्याकडे जेवायचो. निघताना ते अंगणाच्या कडेच्या गडग्यापर्यंत यायचे, त्या भिंतीच्या जांभ्याच्या दगडावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “ये हां. सांभाळून ये.” निघणाऱ्याला आमच्याकडे ‘जा’ म्हणत नाहीत, ‘ये’ म्हणतात. तो ‘हां’ वर जायचा आणि हळूच खाली यायचा. एसटीत बसेपर्यंत कानात राहायचा.

आणि मग, सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर, ते काम आलं. एका तरुण दिग्दर्शकाचं. साहेब नाही! कोकणातला म्हातारा बाप, मुलगा आखातात निघालाय, एवढीच गोष्ट. शूटिंग पावसच्या बागांत आणि एका धक्क्यावर. दिग्दर्शक घरी येऊन म्हणाला, “सर, तुमच्या आवाजासाठीच आलोय. हा माणूस तुमच्यासारखाच बोलायला हवा.” काकू सांगत होत्या, तो गेल्यावर सरांनी बूट स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकले.

मला फोन. “वाच.” दहा संध्याकाळी मी मुंबईतून फोनवर संहिता वाचली. पलीकडे विळीचा आवाज यायचा. शेवटच्या प्रवेशात बापाचं वाक्य होतं, ‘जा बाळा, जा. मागं वळून बघू नकोस.’ विळी थांबली.

“हे लिहिणाऱ्याला कोणी कधी दारापर्यंत सोडायला आलंच नाही काय रे?” सर म्हणाले. “जाणाऱ्या पोराला ‘जा’ म्हणतो कोणी? शिंचे मुंबईचे!”

त्यांनी धक्क्यावर शॉट देताना ते बदललं. काय म्हणाले ते तुम्हाला कळलंच असेल. दिग्दर्शकानं डोळे पुसले आणि दुसरा टेक घेतला नाही.

चार महिन्यांनी मला अंधेरीच्या स्टुडिओतून फोन आला. म्हाताऱ्याचं काम आहे, तुम्ही रत्नागिरीचे ना, मग थोडा कोकणी फील द्या, पण स्वच्छ. निर्मात्यानं कच्चा सिनेमा पाहिला होता आणि म्हणाला होता, बोली फार जाड आहे, बाहेर कोणाला कळणार नाही. दिग्दर्शक आधी भांडला, मग बसला, मग गप्प झाला. म्हातारा कोण, ते मी विचारलं. सांगितलं त्यांनी. आणि मी हो म्हटलं. विचार करून कळवतो वगैरे काही नाही, त्याच फोनवर हो.

आता तुम्ही विचाराल, का? मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी केलंच असतं, हे मी स्वतःला सांगितलं. सगळे हेच सांगतात. पण खरं ते वेगळंच. पंधरा वर्षं मी त्यांच्या कानात बोललो होतो. एकदा त्यांच्या तोंडातून बोलावं असं मला वाटलं. ‘मागच्या शिपायाला बडतर्फ करा’ म्हणाला होतास ना? घे! असंही कुठेतरी होतं. होतं, नाही कसं म्हणू?

डबिंगच्या वेळी हेडफोनमध्ये सेटवरचा मूळ आवाज ऐकू येतो. तो ऐकायचा, ओठ बघायचे, आणि त्यावर आपला चढवायचा. तीन दिवस सरांचा आवाज माझ्या कानात होता. उलटंच झालं होतं सगळं. ते सांगत होते आणि मी म्हणत होतो. शेवटचा शॉट आला. धक्का, होडी, सर अर्धे पाठमोरे, पांढरी मिशी ओठांवर. कानात आलं, “ये हां. सांभाळून ये.”

मी काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्या पोराला म्हटलं, “इथे वेगळं बोललेत ते. तसंच ठेवू या?”

“संहितेत काय आहे?”

“जा बाळा, जा.”

“मग तेच घ्या. ओठ दिसत नाहीयेत, बसेल.”

बसलं. तिसऱ्या टेकला बसलं. मी चहा प्यायलो आणि घरी गेलो.

सरांना सांगितलं नाही. फोन आला की मी मीटिंगमध्ये असायचो. सिनेमा मुंबई-पुण्यात आठवडाभर लागला आणि उतरला, रत्नागिरीत आलाच नाही. मला वाटलं, सुटलो. मग काकूंचा फोन. “रविवारी दुपारी टीव्हीवर आहे. त्यांचा हट्ट आहे, तू यायलाच हवास.” नाही गेलो तर कबुली दिल्यासारखं. गेलो.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आळीतली सगळी, मिरकरवाड्याच्या दोघीतिघी, शाळेतले जुने लोक. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जन्मात पहिल्यांदा खुर्ची टीव्हीच्या समोर ठेवली होती. कोणीतरी सवयीनं आवाज बंद करायला गेलं, तर सर म्हणाले, “असू दे. आज आवाज असू दे.” आणि रिमोट घेऊन स्वतः वाढवला.

म्हातारा पडद्यावर आला. पोराला हाक मारली. माझा आवाज.

सरांनी पहिल्या शब्दाला ओळखला. ज्या आवाजात पंधरा वर्षं पाठांतर केलं तो काय ओळखायचा राहतो? माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काकूंनी बघितलं. शेजारची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “अगो, हा मास्तरांचा आवाज नव्हे गो!”

“माझाच आहे,” सर म्हणाले. “पडद्यावर असाच येतो. गप बघ.”

मला वाटलं होतं, ओरडतील, रिमोट फेकून मारतील. त्याची तयारी करून गेलो होतो मी. ते अडीच तास मांडीवर हात ठेवून बसले. शेवटी धक्का आला, ‘जा बाळा, जा’ आलं, तेव्हा फक्त त्यांचे ओठ हलले. त्यानंतर त्यांनी टीव्हीवर स्वतःचा कुठलाच सिनेमा पाहिला नाही. आवाज बंद करूनही नाही.

इथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण ते वाक्य गाजलं! कोणीतरी त्याचा तुकडा मोबाइलवर टाकला, आणि बघता बघता सगळीकडे तेच. एसटी निघाली, जा बाळा जा. मुलगी सासरी, जा बाळा जा. आंब्याची पेटी ट्रकमध्ये चढली तरी जा बाळा जा. वीस-बावीस वर्षं ज्या नटाला कुत्रं विचारत नव्हतं त्याचा गावात सत्कार ठरला. आमच्या लोकांना आपला माणूस आपला वाटायला तो आधी बाहेर गाजावा लागतो. मला मुंबईचे पाहुणे म्हणून बोलावलं. माझा ह्यात काय संबंध, ते कोणाला ठाऊक नव्हतं. स्टुडिओत आवाज देणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत जातं आणि ते यायच्या आत लोक चॅनल बदलतात.

शाल झाली, नारळ झाला. निवेदक म्हणाला, “सर, आता तो डायलॉग!” खाली एकच गलका. मी सवयीनं विंगेत जाऊन उभा राहिलो होतो. सर माइकपाशी गेले. वाक्य विसरले की ते विंगेकडे बघायचे तसं त्यांनी बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडे. मी मनात म्हणत होतो, सर, ‘ये’ म्हणा. तुमचं म्हणा. आज समोर माणसं आहेत, माइक आहे, तोंड तुमचं आहे. आज कोण अडवणार आहे तुम्हाला?

आणि ते म्हणाले, “जा बाळा, जा. मागं वळून बघू नकोस.”

माझ्या आवाजात. सरळ, इस्त्री केलेलं. ‘मागं’च्या आधी मी जो अर्धा श्वास घेतो, तोसुद्धा. सभागृह उभं राहिलं. मी विंगेतला पडदा धरला होता, तो सोडवेना.

आत मेकअपच्या खोलीत मी पाय धरायला वाकलो. ते बूट काढत होते. सत्कारासाठी माळ्यावरून काढले होते. मी म्हटलं, “सर, असं का केलंत?”

“लोकांना जो माहीत आहे तो दिला,” ते म्हणाले. “बरोबर आला ना? श्वास उशिरा घेतोस तू तिथे. तो पकडायला आठवडा लागला मला.”

शिव्या दिल्या असत्या तर आयुष्यभर उराशी धरल्या असत्या मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सर नेहमीसारखे गडग्यापर्यंत आले. मी मोबाइलवर रिक्षावाल्याला शोधत होतो. ते काहीतरी म्हणाले. नेहमीचंच असणार. मी मान वर केली तेव्हा ते पाठमोरे होऊन पायऱ्या चढत होते.

दिवाळीच्या आधी गेले. मी बाराव्याला पोचलो. ओटीवर माणसं बसली होती आणि जो तो एकच म्हणत होता, “काय आवाज होता हो मास्तरांचा!” एकानं खिशातून मोबाइल काढून तो तुकडा लावलाच. दोघांनी डोळे पुसले. मी मागच्या पडवीत गेलो.

काकू विळीशेजारी बसल्या होत्या. नारळ तसाच, न फोडलेला. मला बस म्हणाल्या. मग विचारलं, “तुझ्याकडे आहे काय रे त्यांचा आवाज? कुठंही, कशातही. माझ्याकडे एवढासुद्धा नाही. मोबाइलवर धरू द्यायचे नाहीत ना.”

मी सांगितलं. ते गेल्याचं कळलं त्याच दिवशी मी स्टुडिओत फोन केला होता. सेटवरचा आवाज सिनेमा पुरा झाला की पुसतात. तो पुसलेला होता. मी डबिंग करत होतो त्या तीन दिवसांत मागितला असता तर त्या पोरानं पेनड्राइव्हवर टाकून दिला असता. मागायला तोंड नव्हतं मला.

“म्हणजे तू ऐकलास तो,” काकू म्हणाल्या. “काय म्हणाले होते तिथे? धक्क्यावर?”

“ये हां. सांभाळून ये.”

त्यांनी डोळे मिटले. “तसं नको. त्यांच्यासारखं म्हण. तू एवढा आवाजाचा माणूस आहेस.”

मी घसा साफ केला. म्हटलं. पुन्हा म्हटलं. ‘हां’ वर न्यायचा आणि हळूच खाली आणायचा, एवढंच तर होतं. माझ्या आईचा होता तो हेल, बापाचा होता, माझा होता. तिसऱ्यांदा म्हटलं. तोंडातून आलं ते सरळ, स्वच्छ, स्टुडिओत ओके झालं असतं असं.

काकूंनी डोळे उघडले.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “हा तुझाच.”

मग उठल्या, नारळ उचलून आत ठेवायला निघाल्या आणि दारातून, मागे न बघता म्हणाल्या, “जा आता. गाडी चुकेल तुझी.”